चाळण

"माणूस," ओर्फेलिना म्हणाली.

इग्नासियाने संगणकाच्या पडद्यावर तांबडी रेघ ओढली.

"हा नाही. हा समुद्रसिंह. खडकावर बसून ढेकरा देतोय मेला."

इग्नासियाने रेघ ओढली नाही. "आणि हे?"

ओर्फेलिनाने हेडफोन दोन्ही तळव्यांनी कानांवर दाबले, डोळे मिटले. "माणूस. रुपेर्तो आहे. प्यालाय."

"प्यालाय तेही कळतं, मावशी?"

"शुद्धीत असता तर बायकोची चौकशी केली असती. माझी करतोय."

इग्नासिया खळखळून हसली. चुलीपाशी कच्चे बटाटे किसत बसलेली नायादेतही हसली, पण पाठमोरीच. ओर्फेलिनाच्या या सुनेचं हसू घरात फक्त पाठीवरून ओळखता यायचं. खांदे एकदा वर जायचे आणि खाली यायचे. खाली येताना जणू त्यांना कोणी विचारायचं, हसलात का म्हणून.

इग्नासिया वाल्दिव्हियाहून आली होती. विद्यापीठात ती एका यंत्राला शिकवत होती. समुद्रावरच्या वायरलेसची खरखर ऐकायची आणि तिच्यात माणूस आहे की नाही तेवढं सांगायचं. तो काय बोलतोय ते नाही, आहे की नाही एवढंच. एवढं जमलं, तर बंदराबंदरावर यंत्रं बसतील आणि कुणाची हाक वाया जाणार नाही, असं तिचं म्हणणं. पण यंत्र म्हणजे तान्हं पोर. बोट धरून दाखवावं लागतं, हा कुत्रा, हे मांजर. ते दाखवणारा कान इग्नासिया शोधत होती आणि चिलोए बेटाच्या साऱ्या किनाऱ्याने तिला एकच वाट दाखवली होती: पुंता पेलूला जा, ओर्फेलिना राईनच्या स्वयंपाकघरात.

"एक लक्षात ठेवा मावशी," पहिल्याच दिवशी तिने बजावलं होतं, "तुम्ही सांगाल तेच यंत्राला खरं वाटणार. तुम्ही चुकलात, तर ते जन्मभर चुकेल."

"मग नवऱ्यापेक्षा बरंय तुझं यंत्र," ओर्फेलिना म्हणाली होती. "माझा जन्मभर चुकला, ते मी सांगितलेलं न ऐकता."

एकतीस वर्षं झाली त्या वायरलेसला. स्वयंपाकघरातल्या फळीवर, एका बाजूला संताची तसबीर आणि दुसऱ्या बाजूला मिठाची बरणी, मध्ये तो डबा. होड्या निघाल्या की ओर्फेलिना त्याच्यासमोर बसायची. हातात सुया, मांडीवर लोकरीचा गुंडा, आणि कान समुद्रात. "मावशे, आहेस का गं?" अशी आरोळी आली की म्हणायची, "मेले नाही अजून. बोल." कुणाचं इंजिन बसलं, कुणाला कोंगर मासा भरपूर लागला, कुणाची बायको बाळंत झाली, सगळं त्या फळीवरून जायचं आणि यायचं. एकदा आरमाराच्या अधिकाऱ्याला त्याच्या भारी यंत्रांतून काहीच ऐकू येत नव्हतं, आणि ही म्हणाली, "माणूस आहे, दक्षिणेला." बोट निघाली. तरंगत्या पिंपाला धरून दोन पाणबुडे तीन तास लटकलेले सापडले. तेव्हापासून ठरूनच गेलं. ओर्फेलिनाने माणूस म्हटलं की माणूस. नाही म्हटलं की घरी चला, जेवायला बसा.

तिचा नियम एकच होता. त्या वायरलेसला एक बटण होतं. ते फिरवलं की खरखर बंद. घर शांत. कुणी जवळून, मोठ्याने बोललं, तरच डबा तोंड उघडणार. इकडची माणसं त्या बटणाला चाळण म्हणत. आणि चाळणीचा दोष चाळणीला कुठे ठाऊक असतो? कोंड्याबरोबर बारीक दाणाही पडतो. लांबची, थकलेली, विझत्या बॅटरीवरची हाक खरखरीसारखीच बारीक. चाळण लावली की ती गेली. म्हणून पुंता पेलूच्या सगळ्या स्वयंपाकघरांत चाळण उघडी असायची. दिवसभर पत्र्यावर पाऊस पडावा तशी ती खरखर चालायची. तिच्यातच बायका पीठ मळायच्या, भांडायच्या, पोरांना पाजायच्या. नव्या सुनेला घरात आल्यावर पहिली गोष्ट दाखवत ती चूल नव्हे, ते बटण. "याला हात लावायचा नाही हां, बाई."

नायादेतने हात लावला होता. आठ वर्षांपूर्वी, एकदाच.

ऑगस्ट महिना. ओर्फेलिनाच काय, सारं गाव शेजारच्या बेटावर मयताला गेलं होतं, बाकीची घरं बंद. तिचा लेक, नायादेतचा नवरा एलियेसेर, सकाळी एकटाच 'पोर्फियादा' घेऊन जाळी काढायला गेलेला. पोर्फियादा म्हणजे हट्टी. होडीला ते नाव त्यानेच दिलं होतं. "घरात दोन हट्टी बायका आहेत, तिसरी पाण्यात असू दे," म्हणाला होता. घरी आठ महिन्यांची आयेलेन तापाने फणफणलेली. तीन रात्री पोर झोपली नव्हती, आईही नाही. डोळा लागला की खरखरीत एखादा कडाका व्हायचा आणि पोर दचकून किंचाळायची. दुपारी दोन वाजता नायादेतने बटण दोन बोटं फिरवलं. पोर थोडी डुलकी घेईपर्यंत, म्हणून. शांततेत पोर झोपली, आणि तिला मांडीवर घेऊन बसलेली आईही बसल्याजागी झोपली.

चारला जाग आली तेव्हा वारा फिरला होता. पोर्फियादा आली नाही. एक फळी आली, दहाव्या दिवशी.

तिसऱ्या दिवशी, सारं गाव किनाऱ्यावर जमलं असताना, नायादेतनेच सांगितलं होतं. "मी चाळण लावली होती. दोन तास."  बायकांनी शाली डोक्यावर ओढल्या. ओर्फेलिना पुढे झाली, सुनेच्या कडेवरची पोर तिने आपल्या कडेवर घेतली आणि म्हणाली, "त्याने हाक मारलीच नसेल. एका लाटेत झालं असेल."

नसेल. असेल. आठ वर्षं दोघी एका चुलीवर रांधत होत्या आणि हे दोन शब्द त्यांच्यात वाढलेले होते. सासू सुनेला कधी वावगं बोलली नाही. सुनेने वायरलेसला पुन्हा हात लावला नाही. फळी पुसायची तर तेवढी जागा सोडून पुसायची. आणि रडली नाही. नवरा गेलेल्या बाईला चारचौघींत रडायचा हक्क असतो, तो आपल्याला नाही, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

या किनाऱ्यावरच्या बायका लोकर पिंजताना एक गाणं म्हणतात:

दर्याला दिला लेक गं, वाऱ्याला दिली हाक
लेक दर्यानं ठेवला, बाई, हाक तेवढी राख

ते गाणं सुरू झालं की नायादेत सरपण आणायला बाहेर जायची.

"आजची शेवटची पेटी," इग्नासिया म्हणाली. "हुआम्पीच्या दीपगृहावरची. तिथले बाउदिलिओ आजोबा वारले ना गेल्या वर्षी? त्यांच्या बायकोने दिली, देइदामिया आजींनी."

"बाउदिलिओ वेडा होता," ओर्फेलिना सुया चालवत म्हणाली. आयेलेनच्या स्वेटरची एक बाही झाली होती, दुसरी सुयांवर होती. "दिवसभरची खरखर कॅसेटवर भरून ठेवायचा. संध्याकाळी ऐकायचा. म्हणायचा, बायको बोलत नाही, निदान होड्यांच्या गप्पा तरी ऐकतो."

"आजी म्हणाल्या, काही कॅसेटी आजोबांनी ऐकल्याच नाहीत. एकदा त्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, महिनाभर कास्त्रोच्या इस्पितळात होते. आजी सवयीने कॅसेट बदलत राहिल्या आणि मेंढ्यांकडे जात राहिल्या." इग्नासियाने पेटीतून एक कॅसेट काढली, चष्मा वर केला आणि वेष्टणावरची अक्षरं वाचली. "एकोणीस ऑगस्ट. दुपार."

किसणी थांबली.

इग्नासियाने वर्षही वाचलं.  तिने दोघींकडे पाहिलं. "काही चुकलं का माझं?"

"ती राहू दे," ओर्फेलिना म्हणाली. "दुसरी लाव."

"लावा," नायादेत म्हणाली.

ती वळली होती. हात मनगटापर्यंत बटाट्याच्या पांढऱ्या पाण्याने ओले. "तीच लावा. आई, तुम्ही ऐका."

"नाया, कशाला बाई?"

"आठ वर्षं झाली, आई. मी रोज सकाळी उठते आणि विचारते, त्याने हाक मारली होती का? रोज. भाकरी थापताना विचारते. पोरीची वेणी घालताना विचारते. मला उत्तर पाहिजे. हो तर हो. मग काय करायचं ते माझं मी बघेन. नाही तर नाही." तिचा आवाज चढला नव्हता, उलट उतरतच गेला. "मला नाही ऐकवणार. आणि दुसऱ्या कुणाचं मी मानणार नाही. तुम्ही सांगाल ते मानेन. तुम्ही याबाबतीत कधी खोटं बोलला नाहीत."

'काय करायचं ते माझं मी बघेन' हे शब्द ओर्फेलिनाने ऐकले. शब्दांपेक्षा आवाज ऐकायची तिला सवय होती. विझत्या बॅटरीवरचा आवाज होता तो. जवळ असून लांबचा.

इग्नासियाला एव्हाना उमगलं होतं. गावात आठवडाभर राहिलेल्या माणसाला कोणी ना कोणी सांगतंच. "मावशी," ती हळूच म्हणाली, "मी ही पेटीत ठेवून देते. विद्यापीठात..."

"लाव," ओर्फेलिना म्हणाली.

तिने हेडफोन चढवले. सुया हातात घेतल्या. पडदा तिच्या आणि इग्नासियाच्या बाजूला होता. नायादेत मेजाच्या पलीकडे उभी राहिली, सासूच्या चेहऱ्यासमोर.

खरखर आली.

ओर्फेलिनाला खरखर एकसारखी कधी वाटलीच नाही. तिच्यात धागे असतात, पिंजलेल्या लोकरीसारखे. हा दूरच्या विजेचा. हा दीपगृहाच्या जनित्राचा. ही थंड हवा. दोन टाके, चार टाके, ओळ संपली, पालटली. दहा मिनिटं गेली. पंधरा. वायरलेसवर कुणी आलं नाही. नुसती खरखर. देवा, अशीच जाऊ दे, तिने मनात म्हटलं. जन्मात पहिल्यांदाच ती खरखरीत माणूस नसावा म्हणून जिवाचा कान करून बसली होती.

फू. फू.

दोन फुंकरी.

एलियेसेर लहानपणापासून बोलण्याआधी वायरलेसमध्ये दोनदा फुंकायचा. ती त्याला रागवायची, "अरे, वायरलेस आहे, गरम चहा नव्हे." लग्न झालं, पोर झाली, फुंकर सुटली नाही.

मग आवाज. शब्द नव्हते. दार लावलेल्या खोलीत मूल एकटंच बोलत असावं तसं, वर जाणारं, खाली येणारं. पुन्हा एकदा जोर धरून आला तेव्हा एक शब्द तरला: पेलू. तो तिच्या स्वयंपाकघराला हाक मारत होता. त्याच्या मागे लाटांचा आवाज होता, आणि इंजिनाचा नव्हता.

पडद्यावर पहिली तांबडी रेघ उमटली. यंत्राने आपणहून ओढलेली.

आवाज थांबला. ओर्फेलिनाच्या सुया थांबल्या नाहीत. नायादेत समोर होती. सुया थांबून चालणार नव्हतं.

आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण मोजतो आहोत. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. हे तिनेच शिकवलं होतं त्याला, दहा वर्षांचा असताना, याच मेजाशी. "संकटात ओरडत सुटायचं नाही. बॅटरी मरते. बोलायचं. थांबायचं. शंभर मोजायचे. परत बोलायचं. मधल्या शंभरात आम्ही उत्तर देतो."

अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, शंभर.

फू. फू.

दुसरी रेघ.

एक शंभर गेले, दोन शंभर गेले, पाच शंभर गेले. प्रत्येक वेळी तो बोलायचा आणि तेवढीच जागा मोकळी ठेवायचा. उत्तराची जागा. गुणी मुलगा होता. एकदाही नव्वदावर घाई केली नाही. ओर्फेलिनाच्या ओठांत प्रत्येक शंभरात एक उत्तर येऊन उभं राहत होतं, 'आहे रे, मेले नाही अजून, बोल,' आणि प्रत्येक शंभराच्या शेवटी ते परत गिळावं लागत होतं. टाका, टाका, ओळ, पालट. गिरणीच्या पट्ट्यासारखी बाही सुयांखालून खाली सरकत होती.

सतराव्या वेळी आवाज बारीक झाला. विसाव्या वेळी ती तो ऐकत होती की आठवत होती, तिचं तिलाच सांगता आलं नसतं. पण रेघ उमटली. तेविसाव्या वेळी फुंकर एकच होती.

तिने शंभर मोजले. मग दोनशे. तीनशेपर्यंत मोजत गेली.

खरखर.

"आई," नायादेत म्हणाली.

ओर्फेलिनाने हेडफोन उतरवले. केस नीट केले. लोकरीचा गुंडा खाली घरंगळला होता, तो वाकून उचलला. तेवढा वेळ तिचा चेहरा मेजाखाली होता. वर आली तेव्हा तो रोजचा चेहरा होता.

"माणूस नाही," ती म्हणाली.

इग्नासियाची मान झटकन वर झाली.

नायादेत हलली नाही. तिने सासूकडे पाहिलं, मग इग्नासियाकडे. "यंत्र काय म्हणतं?"

इग्नासियाने पडद्याकडे पाहिलं. यंत्राच्या पडद्यावर तेवीस तांबड्या रेघा होत्या.

"यंत्राने रेघा ओढल्यात," ओर्फेलिनाच म्हणाली. "ये, बघ. लपवायचं काय त्यात? तेवीस आहेत. पण कशा आहेत बघ. कुंपणाचे खुंट ठोकावेत तशा, सारख्या अंतरावर. जीव जाणारा माणूस असा नेमाने बोलतो होय? तो ओरडतो, रडतो, देवाला शिव्या घालतो. हा पंप आहे, बाई. बाउदिलिओच्या विहिरीवरचा. टाकी भरली की गप, उतरली की परत खोकतो. त्या पंपाने म्हाताऱ्याला आयुष्यभर छळलं."

पोटच्या पोराला तिने आपल्या तोंडाने पंप म्हटलं. 

नायादेत मेजाला वळसा घालून आली. वाकून रेघा पाहिल्या. एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत ओलं बोट नेलं, मग तिसरीपर्यंत. सारखंच अंतर. "खरंच की," ती पुटपुटली. "खुंटांसारख्या." मग सरळ झाली. "नक्की ना, आई?"

"एकतीस वर्षं ऐकतेय."

"हाक नव्हती?"

"हाक नव्हती, नाया. एका लाटेत झालं. मी तेव्हाच म्हटलं होतं."

नायादेतने हात एप्रनला पुसले. पुन्हा पुसले. कोरडे झाले तरी पुसत राहिली. मग चुलीपाशी जमिनीवर बसली, गुडघ्यांत डोकं घातलं, आणि रडली. मोठ्याने, गळा काढून, नवरा गेलेली बाई पहिल्या दिवशी रडते तशी. आठ वर्षांनी तिचा पहिला दिवस उगवला होता.

ओर्फेलिना तिच्याजवळ गेली नाही. तिने तव्यावरचा मिल्काओ, किसलेल्या बटाट्याची जाड भाकरी, उलटला. एक बाजू करपली होती.

तीनच्या लाँचने इग्नासिया निघाली. ओर्फेलिना तिला पोचवायला धक्क्यावर गेली. उतारावरून दोघी उतरल्या. शिंपल्यांचा ढीग ओलांडला, उलथ्या घातलेल्या होड्या ओलांडल्या. धक्क्याच्या टोकाशी इग्नासिया थांबली.

"मावशी, मला लिहावं लागेल काहीतरी त्या कॅसेटपुढे." तिला ओर्फेलिनाकडे बघवत नव्हतं. "तुम्ही म्हणालात ते लिहीन. पंप."

"नको."

इग्नासियाने वर पाहिलं.

"माणूस लिही," ओर्फेलिना म्हणाली. "तेवीसच्या तेवीस. शेवटचा ऐकू येत नाही नीट, पण आहे. तोही लिही." वाऱ्याने तिची शाल उडत होती, ती तिने हनुवटीखाली घट्ट धरली. "तुझ्या यंत्राला खरं सांग. शहाणी माणसं अशीच हाक मारतात म्हणावं, शंभर मोजून. उद्या कुणाचं पोर असं मोजत बसलं, तर यंत्राने त्याला पंप समजू नये. आणि इथे, गावात, तो पंपच होता. तुला कुणी विचारलं तरी. कळलं?"

"कळलं, मावशी." इग्नासियाचे डोळे भरले होते. "त्याची एक प्रत करून देऊ का तुम्हाला? कुणाला न कळता. मी पाठवीन."

ओर्फेलिनाने पाण्याकडे पाहिलं. लाँचवाल्याने घंटा वाजवली. "मावशे, पोरीला सोड की! का दत्तक घेतेस?"

"थांब रे. तुझं पाणी पळून नाही चाललं." तिने इग्नासियाच्या पिशवीवर हात ठेवला. आत कॅसेटची पेटी होती. तिचा कोपरा कापडातून लागला. तळवा तिथेच राहिला थोडा. पोर झोपलंय का ते बघायला ठेवतात तसा.

"घरात नको," ती म्हणाली. "घरात ठेवलं की एखाद दिवशी वाजतं. दर्याने लेक ठेवला. हाक तू ठेव."

लाँच गेली. धक्क्याच्या मागे नुसता फेस उरला, मग तोही विरला. ओर्फेलिना वळली आणि उतार चढू लागली. एरवी एका दमात चढायची. आज उलथ्या होडीवर दोनदा बसली. तिसऱ्यांदा बसणार, तेवढ्यात तिला खरखर ऐकू आली.

घराचं दार उघडं होतं. खरखर नेहमीपेक्षा मोठी होती. चाळण पार शेवटपर्यंत उघडलेली. आणि तिच्यातून रुपेर्तोचा घोगरा आवाज येत होता, "मावशे, ए मावशे! आहेस का गं?"

उत्तर कुणी देईना. ओर्फेलिना अंगणातच उभी राहिली. पाय उचलावा की नाही, तिला कळेना.

"आई धक्क्यावर गेल्यात," आतून नायादेतचा आवाज आला. रडून बसलेला, जडसर. आधी चुकीची कळ दाबली असावी, मध्येच एक शिट्टी झाली. "मी बोलतेय. नाया. बोला, रुपेर्तोकाका. ऐकतेय मी."

 मग रुपेर्तो म्हणाला, आणि आज तो शुद्धीत होता, "काही नाही गं पोरी. सहज. आवाज ऐकला, बरं वाटलं."

ओर्फेलिनाने दारातून आत पाहिलं. नायादेत फळीसमोर तिच्या खुर्चीवर बसली होती. एक हात वायरलेसवर, दुसऱ्या हातात अर्धवट स्वेटर. शाळेतून आलेली आयेलेन दप्तरासकट शेजारी उभी होती, आणि आई तिच्या दंडाला बाही लावून बघत होती.

"आई, हे काय केलंत?" नायादेत वळली. चेहऱ्यासकट. "ही बाही बघा की. दुसरीपेक्षा वीतभर लांब झालीय. तुम्ही मोजलं नाहीत?"

"मोजलं की," ओर्फेलिना म्हणाली.

"उसवते मी. तासाभरात होईल."

"नको," ती इतक्या पटकन म्हणाली की पोरीनेही वर पाहिलं. ती जवळ आली, खाली बसली, सुया काढून घेतल्या आणि शेवटची ओळ बंद केली. "नको उसवूस. असू दे. दुमडून घालेल. वाढतं अंग आहे."

तिने नातीच्या मनगटावर बाही दुमडली. एकदा, आणि दुमड जाड होती म्हणून, हळूच, अजून एकदा.